हं म्हटल्यावर वळायचं

आमच्या नगरात त्या काळी स्वतः मोटार चालवणारी बाई मला एकच ठाऊक होती, आणि तिला स्वतःला कधीच कुठं जायचं नसायचं. जायचं असायचं ते इतरांना. इंदू मिरजगावकर तिचं नाव. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची आणि मी इतिहास. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं एकमेकींना चिकटून होती, तेव्हा तिच्याबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

तिचे वडील रंगनाथराव मिरजगावकर, जिल्हा कोर्टातले नावाजलेले वकील. घरात सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले तेव्हा वकिली सुटली, पण गाडी सुटली नाही. गाडी म्हणजे जुनी फियाट, मागून गोलमटोल, जिला सगळं गाव डुक्कर फियाट म्हणायचं. दादांसमोर अर्थात कोणाची टाप नव्हती. इंदूची आई वारलेली, धाकटा भाऊ शामकांत पुण्याला बँकेत चिकटलेला. ड्रायव्हर ठेवायचा तर तो परका माणूस, त्याच्या हाती जीव कसा द्यायचा? मग दादांनी इंदूला गाडी शिकायला लावली. तिला लायसन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्याजणींना तिचा हेवा वाटला होता. आता काय बाई, मनात येईल तिकडं जाशील, असं आम्ही म्हणालो होतो.

मनात येईल तिकडं, डोंबल! सकाळी दादांना माळीवाड्यात गणपतीला न्यायचं. संध्याकाळी त्यांच्या कोर्टातल्या जुन्या मंडळींकडं न्यायचं आणि गप्पा संपेपर्यंत बाहेर ओट्यावर वह्या तपासत बसायचं. शामकांतच्या सासरचं कोणी स्टेशनवर उतरलं की इंदू हजर. कोणाला मुलगी बघायला जायचंय, कोणाला मोहट्याच्या देवीचा नवस फेडायचाय, की इंदूला निरोप आलाच. आणि गाडीत मागच्या सीटवर डाव्या बाजूला, लोडाला टेकून, दोन्ही हातांत काठी धरून दादा कायम बसलेले. गाडी जाईल तिथं ते जाणार. गाडी त्यांची होती ना!

त्यात एक पद्धत पडून गेली होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं काहीच समजायचं नाही. दादांची नजर नुकतीच गेली होती तेव्हा एकदा करंजीचा घाट उतरताना इंदूनं वळण जरा झटक्यात घेतलं. दादा बेसावध होते. त्यांचं कपाळ दाराच्या कडेवर आदळलं आणि धोतरापर्यंत रक्त आलं. इंदूनं गाडी थांबवली, पदर फाडून बांधला, रडली. दादा रडण्यातले नव्हते. ते म्हणाले, "यापुढं वळायच्या आधी मला सांगायचं. मी हं म्हटल्यावर वळायचं." झालं. तेव्हापासून मिरजगावकरांची गाडी अशीच चालायची.

"दादा, डावीकडे."

"हं."

मग गाडी वळायची. "दादा, खड्डा." "हं." "दादा, म्हैस आलीय." "हं." म्हैस काही त्यांच्या परवानगीसाठी खोळंबत नसे, पण इंदू खोळंबायची. दादांची कधी डुलकी लागलेली असली, तर चौकात गाडी उभी करून ती पुन्हा सांगायची, मागं टांगेवाले शिव्या घालत असले तरी. नव्या पेठेतली पोरं गाडी दिसली की एक जण ओरडायचा "दादा, डावीकडं!" आणि बाकीची सगळी "हं!" इंदू हसण्यावारी न्यायची. मला संताप यायचा. मी एकदा छत्री घेऊन एकाच्या मागं धावलेसुद्धा.

तेवढ्यावर भागलं असतं तर मीही हसले असते. पण संगमनेरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक होते, परीक्षेच्या कामात तिची त्यांची ओळख झाली होती. शांत, सरळ माणूस. त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. तिनं दादांना सांगितलं. दादा नाही म्हणाले असते तर ती भांडली असती, एवढी मला तिची खात्री आहे. पण ते काहीच बोलले नाहीत. ती वाट बघत राहिली. पुढच्या परीक्षेपर्यंत त्या प्राध्यापकांनी दुसरीकडं लग्न केलं. मला ती जेवणाच्या सुट्टीत पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "दादा हं म्हणाले नाहीत गं." मी डबा तसाच बंद केला.

तर आता सांगते ती बाहत्तर सालची गोष्ट. लढाई नुकतीच संपली होती. आमचं गाव लष्कराचं, त्यामुळं ब्लॅकआऊट कडक पाळला गेला होता, आणि लोकांच्या मोटारींचे दिवे अजून वरून अर्धे काळे रंगवलेले होते. एका संध्याकाळी मी इंदूच्या गाडीत होते. पेट्रोल घ्यायला थांबलो, तर पंपाच्या भिंतीला एक छापील कागद डकवलेला. पुण्याचा कुठलासा मोटार क्लब भिंगारच्या पलीकडच्या माळावर गाड्यांच्या शर्यती घेणार होता. ऑटोक्रॉस. हौशी लोकांसाठी. माळावर चुना आणि ड्रम टाकून वाकडातिकडा रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. खाली नियम होते. त्यातला एक इंदूनं बोट ठेवून वाचला. गाडीत चालकाखेरीज दुसरं कोणीही असता कामा नये.

"एकटीनं चालवायची?" ती म्हणाली.

"असं लिहिलंय खरं."

"इंदू, किती वेळ?" गाडीतून दादांचा आवाज आला.

"आले, दादा." पण ती हलली नाही. खालच्या आवाजात मला म्हणाली, "विजया, मी या गाडीत एकटी कधी बसलेच नाही गं. गॅरेजला न्यायची म्हटलं तरी दादा मागं असतात. मला नंबर नको, काही नको. एकदा त्या गाडीत एकटीनं बसायचंय आणि कोणाला न सांगता वळायचंय."

हे ऐकल्यावर मी कशाला थांबते? पंपाच्या ऑफिसात नावं घेत होते. मी आत जाऊन तिचं नाव घालून आले. ती पांढरी पडली. "दादांना विचारायला हवं होतं," म्हणाली. मी म्हटलं, "विचारायचं नाही. सांगायचं. आणि ते मी सांगते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दादा आरामखुर्चीत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "क्रॉस म्हणजे काय, मिशनवाल्यांचं आहे का?" मी समजावलं. मग त्यांचा आवाज बदलला. "मला न विचारता नाव घातलं?"

"घातलं," मी म्हटलं. "फेब्रुवारीतला पहिला रविवार. लाउडस्पीकरवरून नावं पुकारणार आहेत."

माझा हुकमी पत्ता तो होता. कोर्टात उभा जन्म गेलेला माणूस. पुकारा झाला आणि पक्षकार गैरहजर, याइतकी नामुष्की त्यांच्या लेखी दुसरी नव्हती. बराच वेळ त्यांची काठी फरशीवर टकटक करत राहिली. "तारीख लागली म्हणजे हजर राहावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "या घराचं नाव पुकारलं आणि कोणी उठलं नाही, असं झालेलं नाही. जाऊ दे तिला." दारामागं उभ्या असलेल्या इंदूचा चेहरा असा काही फुलला! पण दादांचं संपलं नव्हतं. "सराव मात्र माझ्यादेखत," ते म्हणाले. "मी गाडीत असणार."

देखत! पण हसायची सोय नव्हती.

सरावाला आम्ही नागापूरला जायचो. तिथं औद्योगिक वसाहतीसाठी सरळ रस्ते आखून ठेवले होते, कारखाने बहुतेक यायचेच होते. रविवारी तिथं एक शेळीवाली म्हातारी आणि तिच्या शेळ्या, यांखेरीज कोणी नसायचं. मच्छिंद्र नावाचा मेकॅनिक होता, इंदूच्या गाडीचं सगळं तोच बघायचा. त्यानं दिव्यांचा काळा रंग खरवडून काढला, ब्रेक आवळले, बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि लिंबावर जास्त भरवसा ठेवला. दगडांना चुना फासून आम्ही वळणं मांडली. मी एका दगडावर घड्याळ घेऊन बसायची. आणि गाडीत मागं, लोडाला टेकून, दादा.

पहिल्या रविवारी सगळा खेळखंडोबा झाला. "दादा, उजवीकडे." "हं." तोवर दगड मागं गेलेला. इंदूनं वेग कमी केला तर गाडी टांग्यासारखी चालली. दादा चिडले. घरी जाताना मला म्हणाले, "तिनं आधी सांगायला हवं. उशिरा अर्ज केला तर हुकूम वेळेवर कसा मिळणार?" मग इंदू आधी सांगू लागली, आणि दादांनी वळणं पाठ केली. पुढच्या रविवारी त्यांचं "हं" असं टपकन यायला लागलं की मी तोंडात बोट घातलं. इंदूचं "दा" निघतंय तोवर यांचं "हं". गाडी दगडांना घासून अशी जायची की शेळ्या पळायच्या. तिसऱ्या फेरीला दादा चक्क हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. त्यांची टोपी एका कानावर आली होती आणि ते म्हणत होते, "पुन्हा घे, इंदू, पुन्हा घे!"

मच्छिंद्र खूश. "बाई, लई भारी! पर एक सांगतो. त्या दिशी मागं दादा न्हाईत. वझं नसलं की गाडीचं बूड हलकं पडतंय. वळनाला मागनं सरकंल. तुमी घाबरू नगा, नुसतं धरून ऱ्हावा."

इंदूनं मान हलवली. पण तिचा चेहरा काही ठीक नव्हता. शेळीवाली म्हातारी काहीतरी विचारत होती तिकडंही तिचं लक्ष नव्हतं. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "मला गाडीची भीती नाही वाटत. आज मी एकदा मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, बघू या. तर हात फिरेचना गं. स्टिअरिंग हातात आहे, दगड समोर दिसतोय, आणि हात आपले तसेच. दादांनी आपण होऊन हं म्हटलं तेव्हा वळले. माझे हात माझे राहिले नाहीत, विजया." मी तिला म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, होईल सवय. पण मलाही दिसत होतं. सुटायचं म्हणून ही जो सराव करत होती त्यानं ती आणखीच अडकत चालली होती.

शर्यतीच्या आधल्या बुधवारी शामकांतचा फोन आला. मी तिथंच बसले होते. रविवारी राहुरीला त्याच्या मेहुण्याच्या मुलाची मुंज होती, पुण्याहून सगळी माणसं येणार, नगरपासून पुढं इंदूनं गाडीनं न्यायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. विचारायची पद्धत त्या घरात एकाच बाजूनं होती.

"शाम, या रविवारी गाडी मिळणार नाही," इंदू म्हणाली. पलीकडून काहीतरी आलं. "नाही, दादा बरे आहेत. गाडीही बरी आहे. गाडी मला हवी आहे." मग पलीकडून बरंच आलं, आणि तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला. ठेवल्यावर ती स्टुलावर बसली. आतल्या खोलीतून दादा ओरडले, "तारीख लागलीय म्हणावं त्याला!"

तेवढ्यापुरते मला दादा आवडले.

रविवारी उन्हं वर यायच्या आत आम्ही भिंगारच्या माळावर होतो. पुण्याची पोरं रंगीत चष्मे लावून आलेली, लष्करातले काही अधिकारी, बायकापोरं, भेळवाला, चहावाला, बघ्यांसाठी कापडी मांडव. सगळ्या चालकांना आखलेला रस्ता आधी पायी फिरून बघायला दिला. इंदूबरोबर दादाही निघाले, तिच्या खांद्यावर हात ठेवून. काठीनं ड्रम ठोकून बघत होते. लांब सरळ पट्टा, मग उजवीकडे, मग ड्रमांमधून नागमोडी, मग एका मोठ्या ड्रमाला पूर्ण वळसा आणि परत. फिरून येईपर्यंत म्हाताऱ्याला सगळं तोंडपाठ झालं होतं.

नंतर गाडी रिकामी करायला सांगितली. सुटी वस्तू एकही ठेवायची नव्हती. मी आणि मच्छिंद्रनं काढायला सुरुवात केली. दादांचा लोड, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, घोंगडी, दोन छत्र्या, शामकांतच्या पोराची एक चप्पल, सीटखाली देवीचा सुकलेला नारळ आणि कोणाच्या तरी डोहाळजेवणाची परडी. निम्मा मांडव भरला. इंदू बघत उभी होती. "यातलं माझं काहीच नाही," ती म्हणाली, आणि हसली. क्लबवाल्यांनी दिलेलं हेल्मेट अंबाड्यावर बसेना. तिनं आकडे काढले, वेणी घातली, पदर खोचला आणि हेल्मेट चढवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ती एखाद्या शाळकरी पोरीसारखी दिसली.

लाउडस्पीकरवर नाव पुकारलं. "कुमारी इंदू मिरजगावकर, अहमदनगर!" माझ्याशेजारी खुर्चीत दादा ताठ बसले. "हजर," ते पुटपुटले.

निशाण पडलं. गाडी सुटली. "पहिला गिअर," दादा म्हणाले. "दुसरा. आता तिसरा." गाडी सरळ पट्ट्यावर धूळ उडवत चालली होती. दादांनी मान तिरकी करून कान लावला होता. आणि नेमक्या जागी, जिथं नागापूरला म्हणायचे तिथं, खुर्चीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "हं."

गाडी वळली नाही.

ती सरळच गेली. उजवीकडचा ड्रम मागं पडला, चुन्याची रेघ ओलांडली गेली, पताकांची दोरी तुटून बंपरला अडकली, आणि ती सगळी वरात घेऊन डुक्कर फियाट बोरीच्या काट्यांत जाऊन थांबली. मांडवात असं हसू उसळलं! एक पुण्याचा पोरगा शिट्टी वाजवत होता. मी मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प बसला.

"काय झालं?" दादा मला विचारत होते. "का नाही वळली? मी म्हटलं होतं!"

"तुम्ही इथं म्हटलं, दादा," मी म्हणाले. माझा आवाज चढला, लोक बघायला लागले, मला पर्वा नव्हती. "ती तिथं वाट बघत होती. एवढी वर्षं बघतेच आहे."



इंदू गाडी परत घेऊन आली. उतरली तेव्हा हातावर काट्याचा ओरखडा होता. दादांपुढं येऊन उभी राहिली. "मी सांगितलं, दादा," ती म्हणाली. "सवयीनं. आणि मागून काही आलंच नाही."

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या, त्यातली चांगली धरायची. पहिली बाद झाली तरी दुसरी बाकी होती. दादा काठी टेकत उठले आणि शर्यतीचं बघणाऱ्या क्लबच्या एका टोपीवाल्या गृहस्थांकडं निघाले, मला त्यांना हाताला धरून न्यावं लागलं. तिथं त्यांनी बाजू मांडायला सुरुवात केली. "मी गाडीत बसल्याखेरीज माझ्या मुलीला गाडी चालवता येत नाही. ही विशेष बाब म्हणून मला परवानगी द्यावी."

"आजोबा, तुम्ही तिला रस्ता दाखवता का?"

"हो."

"तुम्हाला दिसतं?"

दादा थांबले. "नाही," ते म्हणाले. आजूबाजूचे हसले. वकिलाला उलटतपासणीत असं गारद झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि सांगते, मला मुळीच बरं वाटलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

इंदू मागून आली. तिनं त्यांचा दंड धरला, खुर्चीपर्यंत आणलं आणि बसवलं. "दादा, तुम्ही इथंच बसा," ती म्हणाली. विनंती नव्हती त्यात. मुलींना बाकावर बसवायची तसं म्हणाली.

"आणि तू वळशील कशी?"

"बघते."

तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. या वेळी दादा "हजर" म्हणाले नाहीत. निशाण पडलं. त्यांनी गिअरही मोजले नाहीत. दोन्ही हात काठीवर, ओठ घट्ट मिटलेले. सरळ पट्टा संपत आला तशी मी उठून उभी राहिले. वळ गं बाई, वळ. गाडी वळली. मच्छिंद्र म्हणाला होता तसं मागचं बूड सरकलं, एक ड्रम धाडकन आडवा झाला. ड्रमाला ठोकर म्हणजे दंडाचे सेकंद, पण ते जाऊ द्या. ती वळली होती. नागमोडीतून ती येत होती तेव्हा रस्ता मांडवाच्या अगदी जवळून होता आणि तिच्या खिडकीची काच उघडी होती. मला स्पष्ट ऐकू आलं. मला आलं म्हणजे दादांना आलंच.

"दादा, डावीकडे!" ती ओरडली. आणि लगेच, त्याच श्वासात, तिचाच आवाज, "हं!"

गाडी डावीकडे गेली.

"दादा, उजवीकडे! हं!"

उजवीकडे गेली. मग ती लांब गेली, मोठ्या ड्रमाला वळसा घालताना धुळीत दिसेनाशी झाली, आणि आवाज यायचा थांबला. ती तिथं म्हणत होती की नव्हती, मी तिला कधी विचारलं नाही. मांडवात लोक टाळ्या वाजवायला लागले होते. मघाचा शिट्टीवाला पण वाजवत होता. दादा मात्र तसेच बसून होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मोठ्यानं म्हणतेय." कोणाला सांगत होते कोणास ठाऊक.

नंबर वगैरे काही आला नाही, शेवटून मोजला तर लवकर सापडला असता. रेघेपलीकडं गाडी थांबली. मी धावत गेले आणि दार उघडायला हात घातला. इंदू आतून म्हणाली, "विजया, जरा थांब. सामान आत टाकू नकोस अजून." मग तिनं काच वर केली. रिकाम्या गाडीत ती एकटी बसून राहिली, हेल्मेट मांडीवर, हात स्टिअरिंगवर. मच्छिंद्र लोड घेऊन आला होता, मी त्याला थांबवलं. ती रडत होती की हसत होती ते काचेवरच्या धुळीमुळं कळत नव्हतं. आम्ही लोड, तांब्या आणि छत्र्या घेऊन उन्हात उभे राहिलो.

मग तिनं काच खाली केली आणि म्हणाली, "चला. दादांची जेवायची वेळ होईल."

सगळं सामान परत आत गेलं. नारळसुद्धा. दादा मागं डावीकडे बसले, मी त्यांच्याशेजारी. मच्छिंद्र मागून सायकलनं येणार होता. घरी गेल्यावर तिला कुकर लावायचा होता, दादांच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते, आणि संध्याकाळी शामकांतचा फोन येणार हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं. भिंगारच्या बाजारातून गाडी चालली होती. दादांची टोपी मांडीवर होती आणि ते बोटांनी तिची कड चाचपत होते.

किल्ल्यापाशी वळण आलं.

"दादा, डावीकडे," इंदू म्हणाली, आणि म्हणता म्हणताच वळली.

दादा बेसावध होते. ते सबंध माझ्या अंगावर आले, काठी पडली, फिरकीचा तांब्या घरंगळत पलीकडच्या दारावर आपटला. मी त्यांना सावरलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. इंदूनं आरशात वर पाहिलं, पण गाडी हळू केली नाही. दादांनी पायानं काठी शोधली, वाकून उचलली आणि पुन्हा लोडाला टेकले.

"हं," ते म्हणाले.

गाडी तोवर सरळ रस्त्याला लागली होती.